अमेरिकेतील जातीचा खटला आणि आपण

परवा गेवराईच्या बाजारात आमचे एक जुने वर्गणीदार भेटले. बैलाचा सौदा मोडला होता, त्यामुळे गडी निवांत होता. त्यांचा पुतण्या पुण्यास शिकून अमेरिकेत संगणकाच्या कामावर लागला आहे. आम्हांस पाहताच म्हणाले, "संपादक, तुमचं ते जातीचं छापणं बंद करा आता. पोरगं म्हणतंय, तिकडं जात कुणी इचारीत न्हाई. माणूस अन् त्याचं काम, बस." आम्ही विचारले, "पुतण्या राहतो कुणाबरोबर?" क्षणभर आठवून म्हणाले, "चौघं हायेत. सगळी आपल्यातलीच." हे उत्तर इतक्या सहज आले की हा लेख त्याच घटकेस मनात तयार झाला.

अमेरिकेत जात नाही ही समजूत आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंत फार पसरली आहे. पोरगा विमानात बसला की जात खाली धावपट्टीवर राहिली असे आपणांस वाटते. परंतु गेल्या पाच-सहा वर्षांत त्या देशाच्या कोर्टांत, नगरसभांत व कायदेमंडळांत 'जात' हा शब्द इतक्या वेळा उच्चारला गेला आहे की तेथील न्यायाधीशांस आता मनुस्मृतीचे नाव नवे राहिले नसेल. हा शब्द तेथे नेला कोणी? गोऱ्यांनी नाही, काळ्यांनीही नाही. आपल्याच माणसांनी आपल्या पेटाऱ्यातून नेला.

या गोष्टीची सूचना फार पूर्वी मिळाली होती. श्रीधर व्यंकटेश केतकर हे अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात शिकले व जातिसंस्थेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिते झाले. हिंदू जर पृथ्वीवर इतरत्र पसरले तर जात हा साऱ्या जगाचा प्रश्न होऊन बसेल, अशा आशयाचे त्यांनी लिहून ठेवले. पुढे सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कला गेलेल्या भीमराव आंबेडकरांनी १९१६ च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला, त्यात केतकरांच्या याच म्हणण्याचा आधार घेतला. एक ब्राह्मण, एक महार. दोघांचे बाकीचे मत जुळण्याचा संभव थोडा. या एका गोष्टीत मात्र दोघे एक बोलले, आणि ते खरे ठरले.

त्याच्याही आधी आमच्या जोतीरावांनी अमेरिकेकडे दुसऱ्या दृष्टीने पाहिले होते. तेथे १८६५ साली घटनेत दुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्याने बंद झाली. १८७३ साली जोतीरावांनी आपला 'गुलामगिरी' ग्रंथ लिहिला तेव्हा तो गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला. पुण्यातल्या माळ्याच्या मुलास सातासमुद्रापलीकडचा काळा गुलाम आपला भाऊ वाटला. पन्नास वर्षांनी त्याच अमेरिकेत एका हिंदी मनुष्याने काय केले ते आता पाहा.

भगतसिंग थिंड हे पंजाबचे शीख गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या फौजेत शिपाई होते. नागरिकत्व फक्त गोऱ्यास व आफ्रिकी वंशाच्या माणसास मिळे, असा त्या वेळचा कायदा. थिंड यांच्या बाजूने कोर्टात असे मांडले गेले की आम्ही उच्च जातीचे आर्य आहोत, सबब गोरे आहोत. आमच्याकडे जातीचे निर्बंध असल्याने आमचे रक्त शुद्ध राहिले आहे. आणि तुम्ही नीग्रोशी जशी सोयरीक करीत नाही तशीच आम्ही आमच्याकडील खालच्या लोकांशी करीत नाही. म्हणजे जात हा कलंक न मानता ती दाखला म्हणून कोर्टापुढे ठेवली! १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दावा फेटाळला. न्यायमूर्ती सदरलंड यांनी लिहिले त्याचा मथितार्थ असा की, पंडितांचा आर्य कोणीही असो, रस्त्यावरचा सामान्य माणूस ज्यास गोरा म्हणतो तोच कायद्याचा गोरा. निकाल वर्णद्वेषाचा होता, यात शंका नाही. त्याच्या आधारे इतर कित्येक हिंदी लोकांचे मिळालेले नागरिकत्व सरकारने काढून घेतले, आणि कॅलिफोर्नियात घाम गाळून शेती केलेल्या पंजाबी शेतकऱ्यांस जमीन स्वतःच्या नावावर ठेवता येईना. थिंड यांस पुढे १९३६ साली शिपाईगिरीच्या जोरावर नागरिकत्व मिळाले, व बाकीच्या हिंदी लोकांस १९४६ च्या कायद्याने वर्षाला अवघ्या शंभरांची वाट उघडली. परंतु आम्हांस त्या खटल्यात बोचते ते हे, की दारात उभे राहून आत घेण्याची विनवणी करतानाही आपल्या माणसाच्या बाजूने पहिला शब्द निघाला तो "मी खालच्यातला नव्हे" हाच.

आता अलीकडची गोष्ट. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्कांच्या खात्याने सिस्को या संगणक कंपनीवर व तिच्या दोन हिंदी अभियंत्यांवर दावा लावला. एक दलित अभियंता तेथे नोकरीस होता. राखीव जागेतून शिकल्याची गोष्ट वरिष्ठाने सहकाऱ्यांत फोडली, तक्रार केल्यावर त्याचे काम व बढती अडली, आणि जातीवरून केलेला भेद बेकायदेशीर नाही असे कंपनीकडून त्यास सांगण्यात आले, असे दाव्यात म्हटले होते. कंपनीने व त्या दोघांनी हे सारे नाकारले. एप्रिल २०२३ मध्ये खात्याने दोघांवरचा दावा आपण होऊन काढून घेतला व कंपनीवरचा पुढे चालू ठेवला. जवळजवळ तीन वर्षे ज्यांची नावे जगभर छापून आली, त्यांच्यावरचा आरोप कोर्टात सिद्ध न होताच गुंडाळला जावा हे त्यांच्यावर बरे झाले नाही, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. तथापि त्या दाव्याने एक काम झाले. जातीवरून छळ झाला तर दाद कोणत्या कलमाखाली मागावी, हा प्रश्न अमेरिकेच्या कायद्यापुढे प्रथमच उघडा पडला. वर्ण, वंश, धर्म, लिंग, सारे कलमांत होते, जात नव्हती.

मग एकेक संस्था जागी होऊ लागली. ब्रँडाईस विद्यापीठाने २०१९ सालीच आपल्या नियमांत जातीचे नाव घातले होते. २०२२ च्या जानेवारीत कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने घातले. त्यावर दोन हिंदू प्राध्यापक कोर्टात गेले, की यामुळे आमच्या धर्मास बट्टा लागतो; संघीय न्यायालयात त्यांचा दावा टिकला नाही. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिॲटल शहराच्या नगरसभेने सहा विरुद्ध एक मतांनी जातिभेद बंद करणारा ठराव कायद्याच्या रूपाने मंजूर केला. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. ठराव आणणाऱ्या बाई क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत शिकलेल्या, आणि जन्माने ब्राह्मण. आमच्या पत्रात ब्राह्मणास शिव्याच असतात असे म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. आमचे भांडण जन्माशी कधी नव्हते. जन्माचे भाडे खाण्याशी आहे.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या कायदेमंडळात आयेशा वहाब या अफगाण कुळातील बाईंनी साऱ्या राज्यापुरते तसेच विधेयक आणले. वरिष्ठ सभागृहात ते ३४ विरुद्ध १ मतांनी पार पडले. मग गदारोळ झाला. विधेयकाने सारे हिंदू संशयित ठरतील, ज्याच्या त्याच्या आडनावाकडे बोट दाखविले जाईल, असे म्हणत हिंदी मंडळींच्या संस्था उठल्या. जात हा स्वतंत्र शब्द न ठेवता 'पूर्वज' या शब्दाच्या पोटात घालावा, अशी दुरुस्ती झाली. दोन्ही सभागृहांनी तेही मंजूर केले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यपाल न्यूसम यांनी विधेयकास नकार दिला. कारण दिले ते असे, की पूर्वजांवरून भेद करणे आधीच गुन्हा आहे, तेव्हा नव्या कायद्याची गरज नाही. थोड्याच दिवसांपूर्वी, २८ सप्टेंबरला, त्याच राज्यातील फ्रेझ्नो या शेतकऱ्यांच्या शहराने आपल्यापुरता जातिभेद बंद करून टाकला होता. राज्यपालांस जे अनावश्यक वाटले ते द्राक्षबागांतल्या शहरास आवश्यक वाटले.

'कायदा आधीच आहे' हे उत्तर आम्हांस ओळखीचे आहे. गायरान सर्व गावाचे, असे दप्तरी लिहिलेले असते. म्हणून काय मांगवाड्याची शेळी तेथे निर्धास्त चरते? आपल्या घटनेच्या पंधराव्या कलमात जातीचे नाव स्पष्ट आहे, सतराव्याने अस्पृश्यता बंद केली आहे. तरी १९५५ साली वेगळा कायदा करावा लागला. तोही पुरला नाही म्हणून १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला आणि त्यात एकेक कृत्य नावानिशी लिहावे लागले: नको ते खाण्यास लावणे, धिंड काढणे, जमीन बळकावणे, पाणवठा नासविणे. अन्याय करणारा नेमके काय करतो हे कायद्यात लिहिलेले नसले की फौजदार डोके खाजवतो व फिर्यादीस घरी पाठवितो. भारतात चाळीस वर्षांत जे कळले ते कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांस कळण्यास आणखी काही वेळ लागेल.

येथपर्यंत वाचून आमचे वाचक मान डोलवीत असतील. आता जरा कडू घोट.

अमेरिकेतील ज्या मंडळींनी "या कायद्याने आमचा समाज बदनाम होतो, खोटे खटले होतील" असा ओरडा केला, त्यांस आपण हसतो. परंतु २०१६ साली मराठवाड्यातून निघालेल्या लाखालाखांच्या मोर्चांत अत्याचार प्रतिबंधक कायद्याविषयी काय मागणी होती? हीच. शब्दही हेच. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपल्या महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात त्या कायद्याची धार बोथट केली तेव्हा आमच्या कित्येक पाटीलबंधूंनी समाधान मानले. त्याच वर्षी ऑगस्टात संसदेने दुरुस्ती करून धार परत लावली तेव्हा त्यांची तोंडे उतरली. सिलिकॉन व्हॅलीतला उच्चवर्णीय वरिष्ठ आपल्या पोरास आडनाव विचारतो तेव्हा आपणांस राग येतो. आणि आपण बांधावर, पारावर, लग्नाच्या पंगतीत काय विचारतो? बीड जिल्ह्यात किती गावांचा मसणवटा अजून दोन ठिकाणी आहे, हे वाचकांनी दुसऱ्याच्या नव्हे, आपापल्या गावापुरते मोजावे. जोतीरावांनी ग्रंथ अमेरिकेस अर्पण केला तो गुलामाच्या बाजूने. गुलामाच्या खालचा एक गुलाम आपल्यासाठी राखून ठेवावा, असा त्याचा अर्थ नव्हता.

असो. अमेरिकेच्या कायद्यातील दुसरी घडामोड याहून मोठी आहे, आणि ती आपल्या चुलीपर्यंत पोचणारी आहे. तिकडे पिढ्यान्‌पिढ्या दाबलेल्या काळ्या लोकांच्या मुलांस विद्यापीठात प्रवेश देताना त्यांच्या वंशाचा विचार करीत. १९७८ साली बाके नावाच्या गोऱ्या विद्यार्थ्याच्या खटल्यात शंभरांतील सोळा जागा राखून ठेवण्याची पद्धत न्यायालयाने रद्द केली, पण वंश हा अनेक गोष्टींतील एक म्हणून विचारात घेण्यास मोकळीक ठेवली. २९ जून २०२३ रोजी हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलिना या विद्यापीठांच्या खटल्यात ती मोकळीकही गेली. पुढे २१ जानेवारी २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी, सरकारी कंत्राटे घेणाऱ्या कंपन्यांवर मागासलेल्यांस संधी देण्याचे बंधन घालणारा १९६५ सालचा हुकूमही रद्द केला. साठ वर्षांचे काम दीड-दोन वर्षांत आवरले.

हार्वर्डच्या खटल्यातील एक गोष्ट बीडकरांनी नीट ध्यानात घ्यावी. फिर्याद काळ्यांविरुद्ध गोऱ्यांनी केली असे वरवर दिसत नव्हते. पुढे उभे केले होते आशियाई विद्यार्थी. चिनी, कोरियन, आपले हिंदी. त्यांच्या जागा काळे खातात, अशी तक्रार. संस्था काढणारे गृहस्थ मात्र एडवर्ड ब्लम. त्यांनी याआधी एका गोऱ्या मुलीच्या नावे असाच खटला लढविला होता व तो २०१६ साली हरले होते. दुसऱ्या वेळी चेहरा बदलला आणि जिंकले. निकालानंतरच्या पहिल्या प्रवेशात एम. आय. टी. या नामांकित संस्थेत काळ्या मुलांचे प्रमाण शेकडा तेरांच्या आसपास होते ते पाचांवर आले. तेथे आशियाई मुले चाळिसांवरून सत्तेचाळिसांवर गेली हे खरे. परंतु येल येथे त्याच वर्षी आशियाई मुले तिसांवरून चोविसांवर घसरली. ज्यांच्या नावाने लढाई झाली त्यांचा सगळीकडे लाभ झाला असेही नाही. आणि ज्यांचे आईबाप त्याच विद्यापीठात शिकले किंवा ज्यांनी देणग्या दिल्या त्यांच्या मुलांस मिळणारी सवलत? तिला त्या निकालाने हात लावला नाही. वाडवडिलांच्या पुण्याईवर मिळालेली जागा ती गुणवत्ता, आणि वाडवडिलांनी भोगलेल्या दास्यावर मिळालेली जागा ती खैरात, हा न्याय फार जुना आहे. (न्यूसमसाहेबांस येथे श्रेय द्यावयास हवे. २०२४ च्या सप्टेंबरात त्यांनी आपल्या राज्यातील खासगी विद्यापीठांतही ही वारशाची सवलत बंद करणाऱ्या कायद्यावर सही केली.)

हा निकाल लागताच आपल्याकडच्या काही विद्वानांनी लेखण्या सरसावल्या, की पुढारलेल्या अमेरिकेने आरक्षण सोडले, आता हिंदुस्थानानेही सोडावे. त्यांस आपल्याच कोर्टाचा इतिहास आठवत नाही. १९५१ साली मद्रासमध्ये हाच प्रसंग आला होता. जस्टिस पक्षाच्या काळापासून चालत आलेला जातवार जागावाटपाचा हुकूम चंपकम दोराईराजन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. गंमत अशी की त्या बाईंनी कॉलेजात प्रवेशाचा अर्जच केलेला नव्हता! परंतु पुढे काय झाले? मद्रास प्रांत पेटून उठला आणि त्याच वर्षी घटनेत पहिली दुरुस्ती होऊन मागासलेल्या वर्गांसाठी खास तरतूद करण्याचा अधिकार कलम १५ मध्ये काळ्या शाईने लिहिला गेला. अमेरिकेच्या घटनेत तसे वाक्य नाही. न्यायाधीशांच्या कृपेवर जे उभे होते ते न्यायाधीश बदलताच पडले. आमच्याकडे ते लिहिलेले आहे. म्हणूनच १९९२ साली मंडल आयोगाच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांनी अमेरिकेचे निकाल वाचून पाहिले आणि तरीही २७ टक्के जागा कायम केल्या. २००८ साली अशोककुमार ठाकूर यांच्या खटल्यात तर सरन्यायाधीश बालकृष्णन यांनी अमेरिकी कसोट्या येथे लागू नाहीत असे स्पष्ट लिहिले. शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी निम्म्या जागा राखल्या, त्या वेळी अमेरिकेतला काळा मनुष्य दक्षिणेकडे गोऱ्याच्या डब्यात बसू शकत नव्हता. या बाबतीत कोणी कोणाकडून शिकावे?

तरी निश्चिंत राहण्यासारखी स्थिती नाही. घटनेतले वाक्य शाबूत असले तरी त्याच्या आधारावर उभा राहणारा समाज दुभंगला आहे, आणि तो दुभंगण्याचे पहिले ठिकाण आमचा बीड जिल्हा आहे. २०१८ चा मराठा आरक्षणाचा कायदा मुंबई उच्च न्यायालयाने २७ जून २०१९ रोजी टक्केवारी कमी करून मान्य केला, सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केला. २०२४ च्या फेब्रुवारीत दहा टक्क्यांचा नवा कायदा झाला. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटाच्या आधारे कुणबी दाखल्यांचा शासननिर्णय निघाला. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. तेव्हाच्या दप्तरात ज्याचा पणजा कुणबी म्हणून लिहिला गेला तो दाखला शोधतो आहे, आणि ज्याचा पणजा माळी, धनगर, वंजारी, सुतार, न्हावी लिहिला गेला त्यास आपले ताट ओढले जाण्याची धास्ती आहे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बीड व माजलगावात आगी लागल्या. त्यानंतर कोणाच्या दुकानातून माल घ्यावा व कोणाच्या नाही इथपर्यंत मजल गेली. कोरडवाहू पाच एकरांचा मराठा आणि बिनजमिनीचा लोहार, दोघेही कोयता घेऊन एकाच कारखान्याच्या फडात जातात. परत आल्यावर एकमेकांच्या दुकानाची पायरी चढत नाहीत. हार्वर्डात चिनी पोरगा काळ्या पोराविरुद्ध उभा केला गेला, त्याहून हे निराळे नाही.

आमचे मत आम्ही झाकून ठेवणार नाही. मराठा समाजातील गरीब शेतकऱ्याची हलाखी खरी आहे. जो तीस वर्षे मराठवाड्यात राहिला आहे त्यास ती सांगावी लागत नाही. परंतु ती हलाखी सुताराच्या वाट्यातून भागवू असे म्हणणारा पुढारी दोघांचाही शत्रू आहे. कोणास किती द्यावे हे मोर्चाच्या लांबीवरून ठरू नये, मोजून ठरावे. २०२१ च्या निकालात न्यायालयाने पन्नास टक्क्यांची मर्यादा ओलांडण्यास पुरेसे कारण दिसले नाही असे म्हटले, ते आयोगाच्या आकड्यांकडे पाहूनच. अमेरिकेकडून घ्यावयाचेच तर हे घ्यावे: १७९० पासून दर दहा वर्षांनी तो देश वंशवार मोजणी करतो. सुरुवातीस ती मोजणी गुलामांची गणती होती, हेतू काळा होता. पण पुढे अन्याय सिद्ध करावयास तेच आकडे उपयोगी पडले. आमच्याकडे सर्व जातींची शेवटची मोजणी १९३१ साली झाली. ज्यांच्या पणजोबांची मोजणी झाली त्यांच्या पणतवांचा वाटा आज त्यावर ठरतो आहे.

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्राच्या मंत्रिमंडळाने येत्या जनगणनेत जात मोजण्याचा निर्णय केला आणि १६ जून २०२५ रोजी अधिसूचना निघाली; १ मार्च २०२७ ही तिची संदर्भतारीख आहे. बीडचा माणूस त्या सुमारास घरी नसतो, हे आम्ही आताच सांगून ठेवतो. दिवाळी झाली की गाड्या भरून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि पट्टा पडल्यावर परततात. मोजणारा गावात येईल तेव्हा घरात म्हातारी व कुलूप एवढेच असेल. तिकडे फडावर मोजणारा येईल की नाही, आला तर कोप्यांत शिरेल की नाही, याची व्यवस्था सरकारने आजच जाहीर करावी. मुकादमांनी आपापल्या टोळीची यादी जवळ ठेवावी. आणि विचारणाऱ्यास जात व पोटजात दोन्ही नीट सांगावी. 'हिंदू' किंवा 'बारा बलुतेदार' एवढेच सांगून थांबू नये. सुताराने सुतार लिहून घेतले की नाही ते पाहावे. कुणब्याने कागदावर काय उतरले ते वाचून मगच दुसऱ्या कामास लागावे.

आमच्या गेवराईच्या वर्गणीदारांनी पुतण्यास फोनवर विचारतो म्हणून कबूल केले आहे, की चौथ्या खोलीत पाचवा भाडेकरू घ्यावयाचा झाला तर तो कोणातला चालेल. उत्तर आले की छापू.